पडद्यामागची नावे

नारायण पेठेतील केसरीवाड्याचा विषय निघाला की, नाटककार-संपादक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे स्मरण होते. त्यांच्या ‘कीचकवधा’वर परकीय सरकारने १९१० साली बंदी घातली. त्याच पुण्यात किर्लोस्कर नाटक मंडळीचे व्यवस्थापक शंकर बापूजी मुजुमदार यांनी ‘रंगभूमी’ हे मासिक चालविले. त्यांची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

वस्तुतः बंदीहुकूम सरकारी दप्तरात सुरक्षित राहतो. पडदे रंगविणारे, साथीदार, सामान वाहणारे यांची नोंद असे एखादे नियतकालिक ठेवील तरच उरते. मंडळीचा हिशेब सांभाळणाऱ्याने लेखणी हाती घेतली, याचे महत्त्व येथे आहे. नाटक हा अनेकांच्या श्रमाचा व्यवहार आहे, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार?

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने निळू फुले यांच्यासारखा नट महाराष्ट्राला दिला. परंतु त्या पथकांत ढोलकी वाजविणारे, गावोगाव पेट्या वाहणारे कार्यकर्ते कोण होते? ज्यांना ती नावे आठवतात, त्यांनी ती आजच लिहून काढावीत. श्रमिकांचा कैवार घेणाऱ्या चळवळीने स्वतःच्याच श्रमिकांना अनामिक ठेवावे, हे शोभणारे नाही.