वाळक्या आंब्याचे सरपण

पौषातली थंडी पडू लागली की घरोघर बंबाची आठवण होते. गॅसची टाकी आता बहुतेक घरांत आली आहे. तरीही आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण आणि पाहुणेरावळे आले म्हणजे अंगणातल्या तीन दगडांवर चढणारे मोठे पातेले यांना लाकूडच लागते. खरिपाची रास घरात आलेली असते, गव्हाला पाणी देण्याच्या दोन पाळ्यांमध्ये चार दिवस मोकळे मिळतात, आणि मग घरधन्याची नजर बांधावरच्या वाळत चाललेल्या जुन्या आंब्याकडे जाते. "नाहीतरी मरतोच आहे, पाडू या, वर्षाचे सरपण होईल," असा विचार होतो. विचार चुकीचा नाही. पण तो आंबा कशाने मरतो आहे आणि त्याचे लाकूड कोठे रचले जाणार आहे, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

आपल्याकडचे जुने आंबे वाळण्याची कारणे अनेक असली तरी त्यांतले एक फार मोठे कारण म्हणजे भिरूड. बोटाएवढा लांब, राखी रंगाचा, पाठीवर तांबूस-पिवळे ठिपके असलेला, लांब मिशांचा भुंगेरा तुम्ही पावसाळ्यात दिव्यावर आलेला पाहिला असेल. त्याची मादी सालीच्या फटीत अंडी घालते. अंड्यातून निघालेली मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची अळी साल पोखरून आत शिरते आणि कित्येक महिने लाकूड खात भुयारे करते. पूर्ण वाढलेली अळी तीन-चार इंच भरते. बाहेरून आपल्याला दिसतो तो फक्त भुसा, बुंध्याशी किंवा फांदीच्या बेचक्यात साचलेला, आणि कधीकधी भोकातून झिरपणारा डिंकासारखा रस. मग एखादी फांदी पिवळी पडते, पाने वाळूनही गळत नाहीत, पुढच्या वर्षी दुसरी फांदी, असे करत झाड खचते. हाच भुंगेरा अंजीर आणि फणसावरही जातो.

भुसा दिसला म्हणजे लगेच कुऱ्हाड घ्यायची असे मात्र नाही. एक-दोन भोके असतील आणि निम्म्याहून जास्त झाड हिरवे असेल तर ते वाचवावे. सायकलच्या तारेचा आकडा करून भोकात घालावा आणि अळी ओढून काढावी. भोक स्वच्छ करून पेट्रोल किंवा रॉकेलात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारावा आणि वरून चिखलाने लिंपून टाकावे. या कामाला पूर्वी डायक्लोरव्हॉस वापरण्याची शिफारस असे. त्या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, तेव्हा कोणी जुनी बाटली काढून दिली तर घेऊ नका. शेंडा पूर्ण वाळला, बुंध्याची साल हाताने सुटू लागली आणि भोके मोजता येईनात, की समजावे हे झाड आता गेले.

अशा झाडाला थंडीतच पाडावे असे मी म्हणतो, त्याचे कारण भिरुडाच्या वेळापत्रकात आहे. भुंगेरे बाहेर पडतात ते मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडाला आणि पावसाळ्यात. पौष-माघात कीड लाकडाच्या पोटात बंद असते. आता झाड पाडले तर पाऊस येईपर्यंत सगळे लाकूड फोडून, वाळवून, जाळून संपवायला आपल्याला चार-पाच महिने मिळतात. वैशाखात पाडले तर ओंडके अंगणात असतानाच भुंगेरे उडतात. झाड तोडले म्हणून आतली अळी मरत नाही. मोठी झालेली अळी ओंडक्यातच कोष करते आणि भुंगेरा होऊन बाहेर येते. म्हाताऱ्या रायवळाचे ओंडके नव्या केशरच्या कलमांशेजारी रचून ठेवणारे लोक मी दरवर्षी पाहतो. सरपण पन्नास पावलांवरून आणण्याचा त्रास वाचतो खरा, पण भुंगेऱ्यालाही तेवढेच जवळ पडते.

सरपणाबरोबर कीड किती लांब जाते याचा मोठा धडा अमेरिकेने घेतला आहे. तिकडे अ‍ॅश नावाचे झाड फार. आपल्या मोगरा-जाईच्या कुळातले ते झाड. आपल्याला ते अगदीच परके नाही. हिमालयात त्याचे भाऊबंद आहेत, गढवालात त्यांना अंगू म्हणतात, आणि त्याच्या हलक्या, चिवट लाकडाची शेतीची अवजारे होतात. १९७३ साली चमोली जिल्ह्यात गावकऱ्यांना अवजारांसाठी अंगू नाकारला आणि खेळाचे सामान करणाऱ्या कंपनीला दिला, त्यावरूनच चिपको आंदोलनाला तोंड फुटले. अमेरिकेतल्या अ‍ॅशला मात्र आशिया खंडातून गेलेल्या एका हिरव्या चकचकीत भुंगेऱ्याने गाठले. लांबीला अर्धा इंच, म्हणजे आपल्या भिरुडापुढे अगदीच किरकोळ. २००२ साली तो मिशिगन राज्यात डेट्रॉइट शहराजवळ ओळखला गेला. त्याची अळी सालीखाली नागमोडी भुयारे करते, पानांकडून मुळांकडे जाणारा अन्नरस तोडते आणि झाड काही वर्षांत उभ्याउभ्या वाळते. आजवर अशी कोट्यवधी झाडे मेली. हा किडा स्वतः वर्षाला थोडेच अंतर उडतो. पण लोक सहलीला, शेकोटीला म्हणून गाडीत लाकूड घालून शेकडो मैल नेत, आणि किडा त्यांच्याबरोबर फुकट प्रवास करी. सरकारने लाकूड हलवण्यावर बंधने घातली, तरी किडा पसरतच गेला. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या पातळीवरची बंधने उठवली गेली. तिथल्या शेतकऱ्याला आजही हिवाळ्यात अ‍ॅश पाडताना दोन भीती असतात. एक किडीची, आणि दुसरी त्या झाडाच्या ठिसूळपणाची. ही दुसरी भीती आपल्या आंब्यालाही तेवढीच लागू आहे.

पाडण्याआधी कागदाचे काम. आंबा हे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यातल्या यादीतले झाड आहे. चिंच, जांभूळ, फणस, मोह, हिरडा हीही त्याच यादीत येतात. स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असले तरी परवानगी लागते. मेलेल्या किंवा रोगट झाडाला परवानगी देण्याची सोय त्याच कायद्यात आहे, म्हणून झाडाची अवस्था स्पष्ट लिहून वनखात्याकडे अर्ज करा, सातबारा जोडा. झाड सामाईक बांधावर असेल तर शेजाऱ्याची सही आधी घ्या. बांधावरच्या आंब्यावरून दोन पिढ्या न बोलणारी घरे प्रत्येक गावात असतात!

आता प्रत्यक्ष पाडणे. हिरव्या झाडाचे लाकूड चिवट असते, ते कुरकुरते, वाकते, इशारा देते. भिरुडाने पोखरलेले झाड काही न सांगता मोडते. म्हणून वाळक्या झाडावर चढायचे नाही, मग गावातला कितीही पट्टीचा गडी असो. सकाळी दहिवराने खोड निसरडे असते, गारठ्याने हात बधिर असतात आणि कुऱ्हाडीचा दांडा सुटतो, तेव्हा ऊन चढल्यावरच काम काढावे. वारा असेल त्या दिवशी नकोच. आधी झाडाखाली उभे न राहता वर पाहा, मोडून अडकलेली फांदी दिसते का. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने बुंध्याला चारी अंगांनी ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, ढोलासारखा आला तर आत ढोली आहे. ढोलीत मोहोळ असते, साप असतो, पिंगळाही असतो. पिंगळ्याची पिल्ले असतील तर महिनाभर थांबलात तरी पावसाआधी पुष्कळ वेळ उरतो. बिचारा उंदीर खाऊन तुमचेच धान्य राखतो.

झाड ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूला बुंध्याच्या जाडीच्या पाव ते तिसरा हिस्सा खोल खाच घ्यावी. नंतर विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन बोटे वर, करवत चालवावी आणि मध्ये लाकडाची एक पट्टी न तोडता राखावी. ही पट्टी बिजागरीसारखे काम करते आणि झाडाला दिशा देते. पोखरलेल्या लाकडात मात्र ही बिजागरी टिकत नाही. म्हणून बुंधा पोकळ वाजला तर दगडाला सुतळी बांधून ती वरच्या भक्कम फांदीवरून फेकावी, तिच्यामागून सोल ओढून घ्यावा आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावरून ताण द्यावा. यंत्रकरवतीवाला जाणता माणूस लावला तर पैसे वाया जात नाहीत. विजेची तार जवळ असेल तर वीजमंडळाच्या माणसाला बोलावल्याशिवाय हात लावू नये. झाड झुकू लागले की सरळ मागे पळू नका, तिरके मागे सरका, कारण बुंधा मागे उसळतो. पोरे आणि जनावरे आधीच लांब न्यावीत.

पाडल्यावर साल त्याच दिवशी सोला आणि ओंडके लगेच फोडा. कुऱ्हाडीखाली अळ्या निघतात, त्या कोंबड्यांपुढे टाका, मेजवानी होते. जास्त भोके असलेले तुकडे वेगळे काढून ते सर्वांत आधी बंबात घालावेत. बुडखा तसाच सोडू नये, कीड तिथेही असते, खणून काढावा. उरलेली लाकडे दगडांवर आडवी-उभी रचावीत, म्हणजे खालून वाळवी लागत नाही आणि वारा खेळून लाकूड वाळते. ओले लाकूड धुमसते, आणि तो धूर चुलीपुढे बसणारीच्या डोळ्यांत जातो. आंब्याचे लाकूड बाभळीसारखा निखारा धरत नाही, भरकन जळते, म्हणून बंबाला उत्तम. निखारे घमेल्यात घेऊन दारे लावलेल्या खोलीत झोपण्याची सवय काही घरांत आहे, ती बंद करा. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

वखारवाला किंवा दुसऱ्या गावचा पाहुणा लाकूड मागायला आला तर भिरुडाचे लाकूड आहे हे त्याला सांगून टाका, आणि त्याच्याकडे आंब्याची बाग असेल तर देऊच नका. वाहतुकीला पास लागतो का तेही वनखात्याकडे अर्ज देतानाच विचारून घ्यावे. मृगाच्या आत ढीग संपला पाहिजे. संपला नाही तर उरलेले लाकूड शेताच्या मोकळ्या कोपऱ्यात, गंजीपासून लांब, जाळून टाका. पाऊस सुरू झाला की आठवड्यातून एकदा उरलेल्या आंब्यांच्या बुंध्याशी वाकून पाहावे, ताजा भुसा पडला आहे का.