बूच काढण्याचें मळसूत्र

या महिन्याचा विषय वाचून आमच्या कांहीं वाचकांच्या भुवया वर चढतील, हें आम्ही जाणून आहों. मद्याच्या बाटलीचें उपकरण आमच्या घरांत कशाला, असें कोणी विचारील. परंतु बूच केवळ मद्याच्याच बाटलीला असे असें नाहीं. औषधांच्या व अत्तरांच्या कुप्यांनाही तें असे, आणि त्यांसाठीं इंग्लंडांत लहान नाजूक मळसूत्रें घडवीत. शिवाय गुण घेतांना वस्तूचें कुळ विचारूं नये.

बंदुकीच्या नळींत अडकलेली गोळी बाहेर ओढण्याच्या पोलादी मळसूत्रावरून हें उपकरण निघालें असें मानतात. आरंभीं त्यांत सारें बळ मनगटाचें. बूच काचेला घट्ट चिकटलेलें असतें. नुसतें ओढलें तर त्याचा भुगा होतो. म्हणून चांगल्या कारागिराचें मळसूत्र वेलीच्या तणाव्यासारखें वळलेलें, मधून काडी जाईल असें पोकळ असतें. मध्यें भरीव दांडा असला तर तें गिरमिटाप्रमाणें बूच पोखरतें.

सॅम्युएल हेन्शल नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकानें १७९५ सालीं या उपकरणाचें इंग्लंडांतील पहिलें पेटंट घेतलें. त्यानें मळसूत्राच्या वरच्या टोकाशीं एक वाटोळी चकती बसविली, एवढेंच. चकती बुचाला टेकली कीं मळसूत्र आणखी आंत शिरत नाहीं. मूठ फिरवीत राहिलें म्हणजे बूचच फिरूं लागतें, त्याची काचेवरील पकड सुटते आणि तें थोड्या बळानें वर येतें. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यांत हीं मळसूत्रें तयार झालीं. त्यांच्या चकतीवर दोन लॅटिन शब्द कोरलेले आढळतात; त्यांचा भावार्थ, ‘अडवून तूं पुढें नेतोस.’ पुढें १८०२ सालीं एडवर्ड थॉमसन यानें असें उपकरण केलें कीं, मूठ एकाच दिशेनें फिरवीत राहिल्यास बूच आपोआप वर यावें.

आम्हांस मात्र हेन्शलची चकतीच अधिक विचार करावयास लावते. आमच्या एकत्र कुटुंबांत मुलासुनांस अडविण्याचें काम वडील मंडळी मनापासून करितात. तें वाईट नव्हे; परंतु ही चकती मळसूत्राच्या टोंकाशीं नाहीं, तें पूर्ण आंत शिरल्यावर टेकेल अशा जागीं आहे. आरंभींच अडविलें तर मळसूत्र बुचांत शिरणारच नाहीं. मुलानें नवी विद्या, नवा उद्योग हातीं घेतला असतां त्याला प्रथम शिरूं द्यावें, आणि मग कोठें थांबवावें तें ठरवावें. घरोघरच्या वडील मंडळींनीं याचा विचार करावा, इतकीच आमची विनंति आहे.