डोंगर चढायला आईलाही न्या

पावसाळा संपला की वस्तीतल्या तरुणांचे डोंगराचे बेत सुरू होतात. आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ असते, उतारावरचे गवत अजून हिरवे असते, वाटेवरचे शेवाळ वाळू लागलेले असते. या दिवसांत सर्वांत जास्त नाव निघते ते कळसूबाईचे. अकोले तालुक्यातले, १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. पोरांनी तिथे अवश्य जावे. पण आमचे म्हणणे असे, की या सहलीवर पहिला हक्क घरातल्या आईचा, मावशीचा, आत्याचा आहे. सहल आखायची तर ती त्यांच्या पायांच्या हिशेबाने आखली पाहिजे.

हे बोलले की लगेच उत्तर येते, "ती तर दिवसभर चालतेच. चार घरची धुणीभांडी, मजले वर-खाली, घरी आल्यावर पाण्याचे हंडे. तिला आणखी डोंगर कशाला?" बायाही हेच म्हणतात. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. डेन्मार्कमध्ये एक लाखाहून अधिक लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे: फुरसतीच्या वेळात जे जास्त हालचाल करतात त्यांना हृदयविकाराचा धोका कमी असतो, आणि कामावर ज्यांना जास्त अंगमेहनत करावी लागते त्यांना तो जास्त असतो. घाम दोघांनाही येतो, पण परिणाम उलटा.

असे का होत असावे, हे आपल्या घरात पाहिले तरी समजते. कामावरची मेहनत तासन्‌तास चालते. वाकून, एकाच स्थितीत, दुसऱ्याने ठरवलेल्या वेगाने. दम लागला म्हणून थांबता येत नाही. पाणी प्यावे तर लघवीला कुठे जायचे, हा प्रश्न. दुसऱ्या दिवशी अंग दुखत असले तरी तेच काम पुन्हा. डोंगरावर मात्र माणूस आपल्या वेगाने चालतो, थांबतो, बसतो, पुन्हा उठतो. हृदयाला आणि स्नायूंना ताण मिळतो आणि ताणानंतर विसावाही मिळतो. कष्टकरी माणसाला मेहनत भरपूर मिळते, विसावा मिळत नाही.

कळसूबाईच्या पायथ्याच्या गावांत एक लोककथा सांगतात. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली. तिची अट एकच, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एक दिवस तिला तेच काम करायला लावले. तिने ते केले आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली. कथा खरी की खोटी, हा प्रश्न बाजूला ठेवू. राज्यातल्या सर्वांत उंच जागेला नाव आहे ते केर-भांड्यांना नकार देणाऱ्या एका कामकरी मुलीचे, एवढे आपल्या बायांना नक्की सांगावे.

आता सहल कशी आखायची ते पाहू. पहिला प्रश्न डब्याचा. पहाटे तीनला उठून आईनेच सगळ्यांच्या चपात्या लाटायच्या असतील तर तिची फुरसत घरीच संपली. डबा मुलांनी आणि पुरुषांनी करावा. नाहीतर पायथ्याच्या बारी गावात आधी सांगून ठेवले तर पिठलं-भाकरी मिळते, पैसे गावातल्याच कुटुंबाला जातात. मुंबई-ठाण्याकडून कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे घोटीमार्गे जीप असा स्वस्त रस्ता आहे. नवरात्रात तिथे यात्रेची गर्दी असते, शिड्यांवर रांगा लागतात. म्हणून ऑक्टोबरअखेरचा किंवा नोव्हेंबरचा रविवार बरा. तोवर उन्हाचा तापही उतरतो.

दुसरा प्रश्न वेगाचा. बारीपासून माथा साधारण ८५० मीटर उंच आहे. तीन मीटरचा एक मजला धरला तर पावणेतीनशेहून जास्त मजले झाले. कड्याच्या जागी लोखंडी शिड्या आहेत. सवयीच्या माणसाला वर जायला तीन तास लागतात, आपल्या गटाला साडेचार लागतील असे धरून उजाडताच निघावे. सर्वांत हळू चालणारी बाई पुढे, तिच्या वेगाने सगळे मागे, आणि सर्वांत शेवटी एक जाणता माणूस. चालताना बोलता आले पाहिजे. वाक्य पुरे होत नसेल तर वेग जास्त आहे. पोरे पुढे पळाली आणि बाया मागे एकट्या राहिल्या, तर ती गटाची सहल नव्हे.

तिसरा प्रश्न तब्येतीचा. "उंचावर हवा विरळ असते म्हणून दम लागतो," असे म्हणून अनेकजण गप्प बसतात. विरळ हवेचा त्रास सहसा २५०० मीटरच्या वर सुरू होतो, कळसूबाई त्याच्या बरीच खाली आहे. पहिल्याच चढाला छाती भरून येत असेल तर कारण अंगात शोधावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणून जाण्याआधी महिना-दीड महिना सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. सहलीच्या निमित्ताने एवढे झाले तरी खर्च वसूल झाला. नंतर रोज थोडे जिने चढावेत, दर आठवड्याला दोन-चार मजले वाढवावेत.

ज्यांना साखरेसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या सुरू आहेत त्यांनी त्या दिवशीच्या डोसबद्दल डॉक्टरांना विचारावे. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. हात थरथरणे, दरदरून घाम, डोके गरगरणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. ती रात्री घरी आल्यावरही उतरू शकते, म्हणून उपाशी झोपू नये. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, असे काही झाले तर तिथेच बसवावे आणि १०८ ला फोन करावा. "थोडेच राहिले" म्हणून पुढे ढकलू नये. प्रत्येकाने किमान दोन-तीन लिटर पाणी न्यावे. बाया पाणी मुद्दाम कमी पितात, कारण आडोसा नसतो. त्यासाठी चढण्याआधी गावात सोय विचारून घ्यावी, आणि वाटेत बायांनी बायांसोबत थांबण्याच्या जागा ठरवाव्यात. उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो. हातात काठी असावी, पायांत वापरून मऊ झालेले, तळ न झिजलेले बूट असावेत.

माथ्यावर वारा असतो आणि खालच्यापेक्षा चार-पाच अंश गारवा असतो, शाल असू द्यावी. तिथून दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी दिसते. प्रवरा नदीवरचे ते धरण १९२६ साली पुरे झाले. पलीकडे रतनगड, त्याच्याही मागे हरिश्चंद्रगड, आणि पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले ओळीने. ज्या बाईच्या घराची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते, तिने एकदा तरी इतके लांब पाहावे. आणि कोणाला अर्ध्या वाटेवरून परतावेसे वाटले तर दोघांनी तिच्याबरोबर उतरावे, टोमणा न मारता. बारीच्या वरच्या पहिल्या पठारावर बसून खाल्लेली भाकरीही सहलच आहे.

दर वर्षी सहलीच्या यादीत पंचवीस नावे मुलांची असतात, आणि खाली कुठेतरी "महिलांनी इच्छा असल्यास" असे लिहिलेले असते. यंदा मंडळांनी यादी उलटी करावी. आधी घरोघरी जाऊन बायांची नावे घ्यावीत, त्यांना जमेल तो रविवार ठरवावा. त्या दिवशी घरातले पाणी कोण भरणार आणि म्हाताऱ्यांना जेवायला कोण वाढणार, हेही त्याच यादीत लिहावे. मग उरलेल्या जागांवर मुलांनी नावे द्यावीत.