मणका जोडायला हाड कुणाचे?

मागच्या महिन्यात एक भगिनी आम्हाला भेटल्या. त्यांचे पती हमालीचे काम करतात. डॉक्टरांनी कमरेचे दोन मणके जोडायला सांगितले होते. खर्चाच्या कागदावर स्क्रू होते, सळ्या होत्या आणि खाली एक ओळ होती, 'हाड'. त्या म्हणाल्या, "भाऊ, हाड विकत आणायचे असते का? आणि ते कुणाचे?"

प्रश्न रास्त आहे. स्क्रू-सळ्या मणके फक्त जागेवर धरून ठेवतात. खरी जोडणी हाडच करते. झाडाला कलम करावे तसे मणक्यांमध्ये हाडाचे तुकडे बसवतात आणि काही महिन्यांत, कधी वर्षभरात, दोन्ही मणके एकजीव होतात. हाड जुळले नाही तर सळईसुद्धा पुढे सैल होते किंवा मोडते.

१९११ साली न्यूयॉर्कला डॉ. फ्रेड आल्बी यांनी मणक्याच्या क्षयावर रोग्याच्याच नडगीचे हाड बसवले होते. आजही स्वतःचे हाडच सर्वांत भरवशाचे मानतात, कारण त्यात जिवंत पेशी असतात. कमरेवर हात ठेवला की बोटांना जी कड लागते, तिथून ते काढतात. ते विकत घ्यावे लागत नाही. पण दुसरी जखम होते आणि काहींना ती जागा महिनोन्‌महिने दुखते. नसेवरचा दाब काढताना मणक्याचे जे हाड निघते, तेही साफ करून वापरता येते. दोनच मणके जोडायचे असतील तर पुष्कळदा तेवढ्यावर भागते. हे डॉक्टरांना आधीच विचारावे.

दुसऱ्याचे हाड पेढीतून मिळते. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून अशी पेढी आहे. तिथे हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. दाता मृतच असतो असे नाही. खुब्याचा सांधा बदलताना निघालेला हाडाचा गोळाही लोक दान देतात. दात्याची तपासणी एड्स, काविळीसारख्या रोगांसाठी होते. जात कोणी विचारत नाही! या हाडात जिवंत पेशी नसतात. वेलाला मांडव असतो तसा त्याचा आधार घेऊन आपले हाड वाढते. कॅल्शियमच्या कृत्रिम खड्यांचेही काम तेच.

हाड वाढवणारे एक प्रथिनही निघाले आहे. ते फार महाग आहे. अमेरिकेत २००२ साली कमरेच्या मणक्यासाठी त्याला मान्यता मिळाली, पण मानेत वापरल्यावर घसा सुजून श्वास अडकल्याने २००८ मध्ये तिथल्या सरकारी खात्याला इशारा द्यावा लागला. महाग ते चांगलेच, असे समजू नये.

हाड कुणाचेही असो, निकोटीन त्याला जुळू देत नाही. आम्ही हे सांगताच त्या भगिनी म्हणाल्या, "बिडी नाही ओढत हो ते. तंबाखू तेवढी खातात." तंबाखूत आणि मिश्रीतही निकोटीनच असते. ऑपरेशनला अजून महिना आहे. पुडी आता त्यांनी आपल्या पदराला बांधून ठेवली आहे.