एरर पानातूनच कोड शिरला तर?

नाकाडोंगरीहून तुमसरला कॉलेजात जाणाऱ्यांनो, लॅबमध्ये कधीतरी साइटऐवजी कोरडं इंग्रजी एरर पान उघडलं असेल. पुष्कळदा ते पान साइटचं नसतं, तुमच्या आणि इंटरनेटच्या मधे बसलेला प्रॉक्सी सर्व्हर ते बनवतो. स्क्विड हे त्यासाठीचं जुनं, फुकट सॉफ्टवेअर.

२०१८मध्ये त्यात एक त्रुटी नोंदली गेली: सीव्हीई-२०१८-१९१३१. एचटीटीपीएस साइटच्या सर्टिफिकेटमध्ये गडबड दिसली की स्क्विड त्यातला मजकूर एरर पानात जसाच्या तसा छापायचा. हल्लेखोराने सर्टिफिकेटमध्येच स्क्रिप्ट लिहून ठेवली, तर ब्राउझर ती वाचून दाखवत नाही, चालवतो. हेच क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग. गंमत बघा, सर्टिफिकेट गडबडीचं आहे हे स्क्विडने बरोबर ओळखलेलं. घात केला तो इशाऱ्याच्या पानानेच.

४.४ आवृत्तीत दुरुस्ती आली. पण हे अपडेट तुमच्या फोनमध्ये नाही, सर्व्हरवर करायचं असतं, आणि ‘चालतंय ना’ म्हटलं की तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. स्क्विडच्या एरर पानाच्या तळाशी बहुधा आवृत्तीचा आकडा असतो. ४.४च्या आधीचा दिसला तर स्क्रीनशॉट काढून लॅबच्या सरांना दाखवा. काही लिनक्सवाले जुन्या आकड्यातच दुरुस्ती घालतात, म्हणून लगेच आरोप नको. दुरुस्ती बसवलीय का, एवढंच विचारा.