भाडेकरूसकट जागा विकताना

मुंबईत व्यापारी जागांचे सौदे जमवणं हा माझा पेशा. अंधेरीतली ऑफिसं, ठाण्यातली दुकानं, बँकांच्या शाखा: आत भाडेकरू असलेली, भाड्यासकट विकली जाणारी मालमत्ता. पूर्वी असे गाळे व्यापारी घराणी घेत. आता गावची जमीन विकून आलेले किंवा निवृत्तीची पुंजी हाताशी असलेले लोकही विचारतात, “मॅडम, बँकेला भाड्याने दिलेलं एखादं दुकान आहे का?”

त्यांच्यासमोर मी आधी कागद घेऊन बसते. समजा, दुकान दोन कोटींचं आणि भाडं महिना एक लाख वीस हजार. जाहिरातीत परतावा ७.२ टक्के दिसतो. पण मुंबईत सहा टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे बारा लाख. शिवाय नोंदणी आणि दलाली. गुंतवणूक गेली दोन कोटी चौदा लाखांवर. मालमत्ता कर आणि सोसायटीचा मेंटेनन्स मिळून वर्षाला दीड लाख धरला, तर परतावा सहा टक्क्यांवर येतो. आयकर वेगळाच.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न लॉक-इनचा. करार पाच वर्षांचा असला, तरी भाडेकरू बांधील असतो बहुतेकदा पहिली तीनच वर्षं. पुढे नोटीस देऊन तो जागा सोडू शकतो. लॉक-इनचे चारच महिने उरलेलं दुकान ‘पाच वर्षांचं खात्रीचं भाडं’ म्हणून विकणं ही माझ्या मते फसवणूक आहे. भाडं बाजारभावापेक्षा फुगवलेलं असेल, तर नवा भाडेकरू तेवढं देणार नाही आणि जागेची किंमतही घसरेल. म्हणून शेजारच्या गाळ्यांचे नोंदणीकृत करार काढून भाड्याची तुलना करायला मी प्रत्येकाला सांगते.

हे सगळं दलाल का सांगत नाहीत? कारण पैसे सौदा झाला तरच मिळतात. या धंद्यात येणाऱ्या कितीतरी मुलामुलींना पगार नसतो किंवा नावापुरता असतो. एक सौदा जमायला सहा-सहा महिने जातात. घरभाडं थकलेल्या पंचविशीतल्या मुलाने ‘काका, हे घेऊ नका’ म्हणावं, ही अपेक्षा त्याच्या एकट्याच्या प्रामाणिकपणावर सोडून चालणार नाही. दलाली कंपन्यांच्या मालकांनी पहिली दोन वर्षं अशा मुलामुलींना जगण्यापुरता पगार द्यावा आणि करार वाचायला शिकवावं.

सरकारनेही हात घालायला हवा. २०१७पासून रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यामुळे नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी एजंटला नोंदणी लागते. महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाने तर प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. पण वीस वर्षं जुन्या इमारतीतलं भाडेकरूसह दुकान विकताना हे बंधन लागू होत नाही. म्हणजे एजंटच्या जबाबदारीचा हा कायदा नेमका तिथे थांबतो, जिथे आयुष्याची पुंजी लावली जाते.

माझी मागणी साधी आहे. अशा प्रत्येक विक्रीत टोकन घेण्याआधी दलालाने सहीनिशी एक पानाचं निवेदन द्यावं: लॉक-इन कधी संपतं, नोटीस किती, अनामत कोणाकडे जाणार, थकबाकी किती, खर्च वजा जाता हातात काय उरतं आणि दलाली कोणाकडून किती मिळणार. माहिती लपवली, तर दलाली परत करावी लागेल, असा नियम हवा. यामुळे काही सौदे मोडतील. ते मोडायलाच हवेत.