जुन्या पुराची खूण आणि नवा निर्णय

पावसाळ्यात सांगलीत पहिला प्रश्न असतो, 'आयर्विन पुलाजवळ पाणी किती?' ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २००५ च्या महापुरात पाणी सुमारे ५४ फुटांवर गेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये धोक्याची पातळी ओलांडल्यावरही अनेक कुटुंबे घरातच थांबली. २००५ च्या खुणेच्या वर सामान ठेवले की झाले, असा हिशेब होता. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले.

हा निव्वळ निष्काळजीपणा नव्हता. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवून दिले, की मनात आधी बसलेल्या आकड्याभोवतीच माणसाचे अंदाज फिरतात. याला 'अँकरिंग' म्हणतात. अँकर म्हणजे नांगर. सांगलीकरांच्या मनाचा नांगर २००५ मध्ये रुतला होता.

त्यात डोळेही फसवतात. पूर सांगलीच्या पावसावर ठरत नाही. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर, कोयनेच्या खोऱ्यात पाऊस कोसळतो, धरणातून विसर्ग वाढतो, कराडला कोयना कृष्णेला मिळते आणि मग पाणी खाली येते. सांगलीत उघडीप असतानाही नदी चढत असते.

उशिराची किंमत रुग्ण मोजतात. डायलिसिसवरचा रुग्ण किंवा दिवस भरलेली गर्भवती दिवसाउजेडी गाडीने सहज हलवता येते. रस्ता बुडाल्यावर बोटीची वाट पाहावी लागते.

उपाय व्यवस्थापनशास्त्रात आहे. गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये 'प्रीमॉर्टेम' ही पद्धत मांडली. योजना फसली असे आधीच धरायचे आणि ती कशामुळे फसली याची कारणे प्रत्येकाने लिहायची. ग्रामपंचायत आणि प्राथमिक आरोग्य केंद्राने जूनमध्येच असे बसावे : पाणी ६० फुटांवर गेले, वीज नाही, रस्ता बंद. मग कोणाचे काय अडले?

घरानेही किती फुटांवर बाहेर पडायचे ते आधीच लिहून ठेवावे. सोबत पंधरा दिवसांच्या गोळ्या, इन्सुलिन आणि रुग्णाची कागदपत्रे. २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास पोहोचले. भिंतीवरची खूण मागचा पूर सांगते, पुढचा नाही.